भाच्याची हाक

कॉलनीच्या मोठ्या फाटकाबाहेर, भिंतीला टेकून, पत्र्याचं एक छप्पर होतं. त्याखाली एक लांब टेबल, टेबलावर जुन्या घोंगडीची घडी आणि त्या घडीवर सकाळपासून कोळशाची जड इस्त्री फिरत असायची. ती फिरवणाऱ्या बाईला कॉलनीतले सगळे 'इस्त्रीवाली' म्हणत. तिला दुसरं काही नाव असेल अशी शंका त्या एवढ्या घरांत कुणाला आली नव्हती. टेबल रस्त्यात येतं म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही झाली होती. जिथे ते टेबल होतं तिथे तिच्याच शेताचा बांध होता, आणि फाटकाच्या आत जिथे आता मुलांची घसरगुंडी आहे तिथे ती लग्न होऊन आल्यापासून कांदा लावत आली होती, हे तक्रार करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तक्रार झालीच असती म्हणा.

शेत विकून आलेल्या पैशांतून नवऱ्याने मोटरसायकल घेतली आणि तिच्याच अपघातात तो गेला. मागे राहिला एकुलता मुलगा. लहानपणी अशक्त होता म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. आता दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे, पण नाव तेच राहिलं होतं.

बारक्या 'कंपनीत' होता. गावात आता मुलगा काय करतो या प्रश्नाला हेच एक मानाचं उत्तर होतं. कंपनी म्हणजे ज्यांनी ही कॉलनी बांधली ते. शेती गेलेल्या घरांतली पोरं, शिक्षण अर्धवट, हाताला काम नाही आणि अंगात रग. कंपनीने त्यांना पांढरे शर्ट दिले, पाठीवर घरट्यात बसलेल्या पक्ष्याचं निळं चित्र. पांढऱ्या कपड्यातला माणूस मारेल असं कुणाला वाटत नाही, असं त्यांचा मुकादम हसून सांगायचा. काम एकच, पुढची जागा मोकळी करायची.

आणि कंपनीची हुशारी पाहा. शहर एका गावावरून दुसऱ्या गावावर सरकत होतं. पुढचं गाव रिकामं करायला दर वेळी मागच्या गावातली पोरं धाडली जात. बाहेरून गुंड आणले तर गाव एक होतं, हे कंपनीला कळून चुकलं होतं. या पोरांना साऱ्या पायवाटा माहीत. कुत्री त्यांच्यावर भुंकत नाहीत. शेजारच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक, इथल्या निम्म्या बायका तिथल्या लेकी. म्हणजे दारात जो पोरगा उभा राहतो तो आतल्या माणसाचा भाचा असतो, नाहीतर आतेभाऊ. त्याने हाक मारली की दार उघडतं, आणि दार उघडलं की बाकीचे आत घुसतात. अशा रीतीने तीन गावं उठली होती. याला कुणी पाप म्हणत नव्हतं, नोकरी म्हणत होतं. मुलगी देणारे लोकसुद्धा 'कंपनीत आहे' म्हटल्यावर खूश होऊन उठत. माना डोलावणाऱ्यांत शिकलेले होते, देवभोळे होते, आणि आया तर सगळ्याच होत्या.

पोरांचे शर्ट धुण्याचं काम बारक्याच्या ओळखीने इस्त्रीवालीकडे आलं होतं. मुकादमाची जीप गाठोडं टाकून जायची. छपराच्या मागे नळ होता, तिथे ती आणि तिची धाकटी जाऊ मिळून धूत. जावेचा मुलगाही त्याच टोळीत होता. रक्ताच्या डागाला गार पाणी लागतं, गरम ओतलं की डाग कापडात कायमचा बसतो, हे दोघींना आता पाठ झालं होतं. त्या डागांबद्दल त्या एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. बोलत त्या साबणाबद्दल, नळाला कमी येणाऱ्या पाण्याबद्दल.

त्या दिवशी सकाळी ती मास्तरीणबाईंचे कपडे करत होती. मास्तरीणबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाई स्वभावाने गोड, हिशेबाला चोख आणि बोलायला मोकळ्या. "समोर लांबवरची ती हिरवी जाळी आणि ते घर कधी हटणार गं?" त्या खाली उभ्या राहून विचारत होत्या. "बाल्कनीत बसलं की तेच दिसतं. माझ्या लेकाने पुढच्या टप्प्यात फ्लॅट घेतलाय, तिथून म्हणे टेकडी दिसणार आहे."

"हटेल की बाई," इस्त्रीवाली म्हणाली. आणखी काय म्हणणार.

बाई वर गेल्या आणि रस्त्याच्या पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. एक म्हातारा मेंढपाळ रोजच्या वाटेने कळप घेऊन निघाला होता. त्या वाटेवर आदल्या दिवशी कंपनीने तारा ठोकल्या होत्या. म्हाताऱ्याने एक तार वाकवून मेंढ्या पलीकडे काढायला सुरुवात केली होती. पांढरे शर्ट धावत आले. कुणी काही विचारलं नाही. पहिला लोखंडी पाइप म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो खाली बसला, दुसरा तोंडावर. मेंढ्या ओरडत रस्त्यावर पसरल्या. म्हाताऱ्याने काठी शोधायला हात लांब केला, तेव्हा त्या हातावर एकाने बूट ठेवला आणि सगळं वजन टाकून उभा राहिला. बोटं मोडल्याचा आवाज टेबलापर्यंत आला. बूट बारक्याचा होता.

इस्त्रीवालीने मान खाली घातली. तिच्या पुढ्यात मास्तरीणबाईंच्या नातीचा शाळेचा झगा होता, चुण्या असलेला. तिने एकेक चुणी बोटाने सरळ केली आणि तिच्यावर इस्त्री दाबली. वर तिसऱ्या मजल्यावर खिडकी बंद झाली. म्हाताऱ्याला पोरांनी पाय धरून ओढत गटाराच्या कडेला नेऊन टाकलं. कुणीतरी विनोद केला असावा, कारण ते हसले, आणि बारक्याही हसला. मग तो येऊन छपराखालच्या मडक्यातून पाणी प्यायला.

"म्हातारा माणूस होता रे," ती झग्याकडे बघत म्हणाली.

"म्हणून तर थोडक्यात सोडला," बारक्या म्हणाला. "आई, तू यात पडू नकोस. तुझं टेबल इथे कुणामुळे टिकलंय, माहीत आहे ना?"

तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. संध्याकाळी त्याचा शर्ट गार पाण्यात घातला, मीठ लावून चोळला आणि वाळत टाकला.

तिचा थोरला भाऊ शेजारच्या गावात राहायचा. त्याची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा, काळं भुसभुशीत पानांचं खत, आणि कुठलं रोप काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक कुंडीत खोचलेली, टोकाला रंग दिलेली काडी. हिरवं टोक म्हणजे फळझाड, पांढरं म्हणजे फुलझाड. कॉलनीच्या भिंतीलगतचं सगळं कुंपण त्याच्याच रोपांचं. "माझंच कुंपण लावून मलाच बाहेर ठेवलंय," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. नवरा गेल्यावर बारक्या कितीतरी दिवस या मामाकडेच राहिला होता. पोहायला मामाच्या विहिरीत शिकला. तापाने फणफणला तेव्हा मामा त्याला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

आता त्याच्या वाटिकेच्या तिन्ही बाजूंना कंपनीचे पांढरे खुंटे आले होते. चौथ्या बाजूला त्याचं घर. तो जागा देत नव्हता.

मेंढपाळाच्या प्रकारानंतर काही दिवसांनी तो सायकलवरून कुंड्या पोहोचवायला कॉलनीत आला आणि परतताना टेबलाशी थांबला. तिने चहा दिला. त्याने कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"अगं, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचार की दादा. तुझ्यावर कसला राग."

"आम्ही आता दार लावून घेतो. कुणी ओळखीचा आवाज दिल्याशिवाय उघडत नाही. पण ऐकतोय ते असं की हे ओळखीचेच आवाज देतात." त्याने कप खाली ठेवला. "आपला बारक्या त्यांच्यात आहे का? मारहाण करणाऱ्यांत? तू सांगशील ते खरं. दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही."

टेबलापलीकडे जाऊ कपडे मोजत होती, तिचा हात थांबला. खरं सांगितलं तर भावाच्या नजरेतून ती उतरणार होती. ज्या पोराला त्याने खांद्यावर वाहिलं त्याचं काय झालं हे तिच्या तोंडून त्याला कळणार होतं. लाज वाटली तिला, दुसरं काही नाही.

"छे रे," ती म्हणाली. "तो नुसती गाडी चालवतो. खाली उतरत पण नाही."

"तरी मी वहिनीला म्हणतच होतो तुझ्या," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आपला बारक्या तसा नाही. पाठव त्याला एकदा. कधीपासून आला नाही. पेरू लागलेत." सायकलवर टांग टाकून तो गेला. जाऊ पुन्हा कपडे मोजू लागली.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी गाठोडं नेहमीपेक्षा लवकर आलं, आणि ओलं आलं. जीपवाल्याने ते खाली टाकलं. "मुकादम म्हणाला, आज लगेच हवेत," एवढं बोलून तो गेला. बारक्या पहाटेच घराबाहेर पडला होता. जाऊ अजून यायची होती. इस्त्रीवालीने टबात गार पाणी सोडलं आणि एकेक शर्ट बुडवायला घेतला. पाणी तिने लाल झालेलं पूर्वीही पाहिलं होतं. आज ते चटकन लाल झालं.

मग तिला वास आला. साबणाच्या, घामाच्या आड एक ओलसर, गोडसर वास, कुजलेल्या पानांचा. तिने शर्टाची बाही उलटली. दुमडलेल्या बाहीत काळं खत भरलेलं होतं, त्यात पांढरी बारीक मुळं, आणि एक काडी, टोकाला हिरवा रंग दिलेली. तिने कॉलर पाहिली. वरचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. ते तिनेच शिवलं होतं, घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून.

तिचे हात कोपरापर्यंत त्या पाण्यात होते. ते रक्त कुणाचं आहे हे तिला कळलं आणि तिला हात बाहेर काढवेनात. तिथेच बसून ती ओकली. जाऊ आली तेव्हा ती ओले शर्ट टबातून भराभर बाहेर काढत होती, पिळत नव्हती, नुसते काढत होती. "हे घरात नेऊन ट्रंकेत टाक," ती म्हणाली, "आणि कुलूप लाव. मी दादाकडे चालले." जावेने काडीकडे पाहिलं आणि न विचारता गाठोडं उचललं.

वाटिकेच्या जागी काही नव्हतं. हिरवी जाळी फाटून चिखलात रुतली होती. बुलडोझर कुंड्यांच्या रांगांवरून अजून मागे-पुढे फिरत होता, आणि त्याच्या चाकांखाली मातीची भांडी फुटत होती. घराची पुढची भिंत आडवी पडली होती. विहिरीत खाट टाकली होती, तिचे पाय वर दिसत होते. कुत्रा उंबऱ्याशी बसला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. तो तिला पाहून शेपटी हलवत आला, जसा पहाटे बारक्याला पाहून गेला असणार.

दादाला लोकांनी हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. ती पोहोचली तेव्हा तो गेलेला होता. चेहऱ्यावरून तो ओळखू येत नव्हता. तिने त्याला नखांतल्या काळ्या खतावरून ओळखलं. वहिनी बाकावर बसली होती. तिचा एक हात फळीला बांधलेला, अर्ध्या डोक्यावरचे केस मुळासकट उपटलेले, आणि डोळे कोरडे.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "मी नको म्हणत होते. मी म्हटलं, एवढ्या पहाटे कोण येतं. तर बाहेरून आवाज आला, 'मामा, मी बारक्या.' हे उठलेच. मला म्हणाले, अगं तो नुसती गाडी चालवतो, बहिणीने सांगितलंय मला." ती थांबली. "दार उघडलं आणि विचारलं, काय रे, एवढ्या लवकर, काही खाल्लंस का? ते विचारत असतानाच पाइप बसला. मग मोजता येईना इतके बसले. मी मध्ये पडले तर मला केसाला धरून अंगणातून फिरवलं. हे खाली पडल्यावरही ते लोक मारत होते. हे आवाज करायचे थांबले तरी मारत होते."

"आणि बारक्या?"

"तो बाजूला उभा होता. मग मुकादमाने त्याच्या हातात पाइप दिला."

इस्त्रीवाली वहिनीच्या पायांशी जमिनीवर बसली. भावाला पाइपाने मारलं होतं ते पोरांनी, पण दाराची कडी तिच्या शब्दाने निघाली होती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि आयुष्यात पुढे कुणी कितीही समजावलं असतं तरी ते तिच्या मनातून गेलं नसतं.

दुपार कलल्यावर ती घरी आली. बारक्या भिंतीला टेकून बसला होता. आंघोळ केलेली, स्वच्छ बनियन, मनगटाला सूज. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. शेगडी पेटवली, मोठं पातेलं चढवलं, पाणी भरलं. ट्रंक उघडून शर्टांचा ओला गोळा बाहेर काढला.

"मी नुसती हाक मारली होती," बारक्या म्हणाला. तिने शेगडीला वारा घातला. "मुकादम म्हणाला होता, घाबरवायचं फक्त. मग म्हणाला, एक तरी मार, नाहीतर उद्या तूच फुटशील. मी एकच मारला, आई. तेव्हा मामा हलत पण नव्हता."

पाण्याला उकळी फुटली. तिने पहिला शर्ट उचलला.

बारक्या उठून उभा राहिला. त्याचं लहानपण धुण्याच्या टबाशेजारी गेलं होतं. "आई, गरम पाण्यात नको. डाग बसेल."

"बसू दे," ती म्हणाली, आणि शर्ट उकळत्या पाण्यात घातला. मग दुसरा. मग सगळे. निळ्या दोऱ्याच्या बटणाचा मात्र बाजूला ठेवला. पाण्यातून तपकिरी फेस वर आला. "तुझ्या मामाने दारात तुला काय विचारलं रे? सांग तुझ्या तोंडाने."

त्याचं तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं, आणि क्षणभर तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने पातेल्यात काठी घालून शर्ट खाली दाबले.

बाहेर जीप थांबली. मुकादम आत आला, मागे ड्रायव्हर. दादा मेल्याची बातमी पसरली होती आणि सकाळी नुसते मळलेले असलेले कपडे आता पुरावा झाले होते. "मावशी, शर्ट द्या," मुकादम म्हणाला. "धुतले नसतील तरी चालेल. आम्ही जाळतो."

"मिळणार नाहीत."

"मावशी, वाईट झालं ते झालं. मला पण वाईट वाटतंय. पण तुमचा पोरगा त्यात आहे. जरा विचार करा."

"तोच करतेय."

त्याने तिला बाजूला ढकललं आणि पातेल्यात हात घातला. बोटं भाजली तशी शिवी हासडून त्याने पातेल्याला लाथ मारली. उकळतं पाणी तिच्या पायांवर आलं. शर्ट जमिनीवर पसरले आणि ती त्यांच्यावर आडवी पडली. मुकादमाने तिला केसाला धरून उचललं, तोंडात मारली, पुन्हा मारली. तिच्या ओठातून रक्त आलं. ड्रायव्हरने कमरेत लाथ घातली. हात चाचपडताना तिला कोपऱ्यातली इस्त्री लागली. जावेने सकाळच्या घाईत तशीच आणून ठेवलेली, निखारे विझलेली, पण लोखंड ते लोखंडच. तिने ती दोन्ही हातांनी उचलून मुकादमाच्या तोंडावर हाणली. त्याचा जबडा एका बाजूला सरकला. तो खाली बसला आणि हाताच्या ओंजळीत रक्त धरून बघत राहिला, जणू ते आपलं असू शकतं हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

ड्रायव्हर तिच्यावर धावला. तिच्या बरगड्यांत बूट बसला, मग दुसरा. तिने मान वळवून बारक्याकडे पाहिलं. तो भिंतीला चिकटून उभा होता, हात लोंबकळत. त्या सकाळी दादाच्या अंगणात तो असाच उभा राहिला असणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं.

आवाज ऐकून जाऊ दारात आली होती, तिच्या मागे आळीतल्या बायका. कुणी आत शिरलं नाही, पण कुणी गेलंही नाही. ड्रायव्हर थबकला. एवढ्या जणींसमोर बाई मारायची त्याला सवय नव्हती. त्याने मुकादमाला काखेत धरून उठवलं. मुकादमाला बोलता येत नव्हतं. त्याने बारक्याकडे बोट केलं आणि मग जीपकडे.

बारक्या आईला ओलांडून गेला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

पोलीस ठाण्यात ती जावेच्या खांद्यावर हात टाकून पोहोचली. टेबलामागच्या हवालदाराने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. "बाई, घरातलं प्रकरण आहे," तो म्हणाला. "एकुलता मुलगा म्हणता. आज रागात लिहून द्याल आणि उद्या रडत याल. रात्रभर विचार करा."

"साहेब, मी विचार करत बसले म्हणून माझा भाऊ गेला." तिने निळ्या दोऱ्याच्या बटणाचा शर्ट टेबलावर ठेवला. "लिहा. हाक मारणारा माझा मुलगा. आणि हेही लिहा, की तो त्यांच्यात नाही असं भावाला खोटं सांगणारी मी. त्याचं कलम असेल तर लावा."

हवालदाराने लिहून घेतलं. बाकीचे शर्ट न्यायला सकाळी माणूस पाठवतो म्हणाला. सकाळी माणूस आला नाही. दुसऱ्या सकाळीही आला नाही. कंपनीने पत्रक काढलं, की जागेच्या वादातून नातेवाइकांत झालेल्या भांडणाशी आपला संबंध नाही. यात खोटं एवढंच होतं, की त्या नात्यावरच तर कंपनीचा सगळा धंदा चालला होता.

रविवार आला. रविवारी पुढच्या टप्प्यातली घरं बघायला शहरातून माणसं यायची. फाटकाला फुगे बांधलेले, गाड्यांची रांग लागलेली. इस्त्रीवाली पोटाला घट्ट फडकं बांधून, लंगडत टेबलाशी आली. तिने इस्त्री पेटवली नाही. छपराच्या खांबापासून समोरच्या दिव्याच्या खांबापर्यंत, फाटकाच्या तोंडावरून, तिने दोरी बांधली आणि तिच्यावर एकेक पांढरा शर्ट वाळत घातला. पाठीवर घरट्यातला निळा पक्षी. छातीवर, बाह्यांवर, पोटावर तपकिरी डाग, आता कुठल्याही पाण्याने न निघणारे.

पहिली गाडी दोरीशी थांबली. मागच्याने भोंगा वाजवला. रखवालदार धावत आला, त्याने दोरीला हात घातला आणि एका शर्टाकडे बघून हात मागे घेतला. तोही याच गावचा होता. लोक गाड्यांतून उतरून बघू लागले. एका लहान मुलीने आईला विचारलं, हे कपडे मळलेले का वाळत घातलेत. आईने तिला गाडीत बसवलं.

मास्तरीणबाई पिशवी घेऊन खाली आल्या. "अगं, कपडे झाले का माझे?" मग त्यांचं लक्ष वर गेलं. "हे काय आहे? कसले डाग आहेत हे?"

"बाई, तुम्ही विचारायचात ना, समोरची जागा कधी मोकळी होणार," इस्त्रीवाली म्हणाली. "झाली. त्याचे आहेत."

मास्तरीणबाई दोन पावलं मागे सरल्या. पिशवी छातीशी धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या. वर जायचं की थांबायचं ते त्यांना कळत नव्हतं. तुम्हाला-आम्हाला तरी कुठे कळतं. आपल्या प्रत्येकाच्या खिडकीतून काहीतरी छान दिसत असतं, आणि तिथे आधी काय होतं हे आपण खालच्या माणसाला विचारत नाही.

तेवढ्यात गावाच्या बाजूने जाऊ येताना दिसली. हातात एक घडी होती. जवळ येऊन तिने ती उलगडली. तो तिच्या मुलाचा शर्ट होता, मेंढपाळाला मारलं त्या दिवसाचा नाही, त्याच्याही आधीच्या कुठल्या तरी जागेचा, न धुतलेला. तिने तो इतके दिवस कुठेतरी दडवून ठेवला होता.

"हाही घाल, ताई," ती म्हणाली.

इस्त्रीवालीने चिमटा काढून दिला. जावेच्या मागे वाटेवर आणखी दोघी-तिघी येत होत्या, पदराखाली काहीतरी धरून. इस्त्रीवालीने दोरीचं टोक सोडलं, ती पुढच्या खांबापर्यंत ओढून नेली आणि पुन्हा घट्ट बांधली, म्हणजे सगळ्यांना जागा होईल.